बेचक्यातली पेटी

यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याच वर्षी आमची मधमाश्यांची शेवटची पेटीही ओस पडली. पलंगावरून हे एकदाच म्हणाले, "आता सगळ्या पेट्या देऊन टाक," आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण दोन घासांवर आलं. मी मनाशी ठरवलं, एक तरी मोहोळ घरी आणायचंच.

मोहोळ पकडणं माझ्याच्याने होणार नव्हतं. पण बोलावणं जमलं असतं. पन्नास वर्षं यांचं बघतच आले होते. एका जुन्या पेटीला आतून जुनं मेण चोळलं आणि शिडी लावून कुंपणाजवळच्या झाडाच्या बेचक्यात ती बांधली. खालून नणंद ओरडली, "वहिनी, पडलीस तर घरात दुसरा पलंग टाकावा लागेल!"

"टाक की. तू आहेस ना वाढायला," मी म्हटलं.

दहाव्या दिवशी पाच-सहा माश्या आल्या. आत जायच्या, बाहेर यायच्या, भाड्याची खोली बघावी तशा. दुसऱ्या दिवशी वीसेक. यांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

आणि तिथेच माझी मती फिरली. नुसतं सांगून काय होतंय, यांना गुणगुण ऐकू यायला हवी. संध्याकाळी मी पेटी उतरवली आणि यांच्या खिडकीखाली स्टुलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं मोहोळ आलं ते थेट झाडाकडे. रिकाम्या बेचक्याभोवती घिरट्या घालू लागलं. पेटी उचलून मी धावले. म्हणजे मला वाटलं, धावले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच दम लागला. तेवढ्यात माश्या उठल्या आणि छपरावरून निघून गेल्या.

मी आत आले.

"गेल्या?"

"गेल्या."

"पेटी हलवलीस ना?"

"तुम्हाला ऐकू याव्यात म्हणून."

"पाहुणे घर पसंत करून गेले आणि तू घरच उचललंस!" हे हसले की कण्हले, कळलं नाही. मग हळूच म्हणाले, "ऐकू आल्या गं. डोक्यावरूनच गेल्या. मोठं मोहोळ होतं."

"परत बांधते वर. हंगाम आहे अजून."

"नको. आधी ती शिडी देऊन टाक, मग पेट्या. ये, बस इथे. पाय वर घे."

मी बसले. नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.