डाव्या पानाचा लेप

माझी बायको भामा गेली सोमवारी. माझं काय गेलं ते मला सतराव्या दिवशी कळलं, डाळजला, बिरोबाच्या देवळापुढं.

मी धनगरांच्या गजी नाचात ढोल वाजवतो. ढोल घरचाच. खोड आज्यानं कोरलं, चामड्याची पानं मी मढवली. डाव्या पानाला आतून काळा लेप असतो, त्यानं आवाज घुमतो. तो लेप भामा करायची. एरंडेल, राळ आणि आणखी काहीतरी. आमच्या संघात बाईनं ढोलाला शिवायचं नाही, अशी रीत. सुटं पान मात्र मी तिच्यापुढं टाकायचो. ते चालायचं. लोक म्हणायचे, संभाजीचा ढोल पार इंदापुरात ऐकू जातो. मी मान डोलवायचो.

बाराव्या दिवशी थोरला भाऊ दत्तोबा म्हणाला, "संभा, ती गेली त्या खोलीतलं समदं धुऊन काढ. ढोल बी. सुतकाचा ढोल देवापुढं न्हाय चालायचा."

मी दोऱ्या सोडल्या, पान उतरवलं. लेपावर तिच्या चार बोटांच्या रेघा होत्या. राखेनं घासल्या. निघेनात, म्हणून नारळाची शेंडी घेतली. पान पांढरं झालं.

"आता कसं!" दत्तोबा म्हणाला.

मग अंदाजानं लेप केला आणि डाळजला गेलो. पहिला टोला टाकला. खेळणारे उचललेल्या पायानं थांबले.

"संभा, ढोल आणलाईस का राकेलचा डबा?" म्हातारा बापूसाहेब ओरडला. सगळे हसले. दत्तोबाही.

"लेप धुतला," मी म्हणालो.

"मग पयल्यासारखा लाव की."

"ते भामाला ठावं हुतं."

"तिला? तिचा काय संबंध?"

चाळीस वर्षं हे तिच्या हातावर नाचले. तेराव्याला पोटभर जेवून गेले.

घरी येऊन सुनेला, प्रतीक्षाला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मला कसं यील, मामा? तुमी मला ढोलाजवळ तरी कवा येऊ दिलं?"

गेल्या वर्षी भामा अंगणात लेप मळत होती. म्हणाली, "बसा जरा. बघून ठिवा."

"कशाला? तू हायस की," म्हणालो आणि चौकात गेलो.

डाळजहून आल्यापासून पाच वेळा लेप केला. पाचही वेळा खरवडून काढला. ढोल तिच्या खोलीत टांगला आहे. डाव्या पानाचा लेप अजून करायचा राहिला आहे.