वाळूखालचं बिऱ्हाड

माघ उतरणीला लागला होता. वेंगुर्ल्याच्या आभाळात फिकट, आजारी, राखवर्णी ऊन. आणि त्या उन्हाचा एकच थकलेला कवडसा खिडकीतल्या काचपेटीत येऊन वाळूवर निजला होता.

त्या वाळूखाली बिऱ्हाडे होता.

बिऱ्हाडे म्हणजे ऋजुताच्या ताईचा शंखातला खेकडा. पाठीवर घर घेऊन टुकूटुकू चालणारा, करवंटीआड दडणारा, जांभळ्या नांगीचा मानी म्हातारा. लग्न होऊन पुण्याला निघताना ताईने तो धाकटीच्या ओंजळीत ठेवला, आणि पेटीत एक मोठा, रिकामा, मोतिया शंख. "वाढला की घर बदलेल."

त्याच मांडवात ताईचंही काही बदललं होतं. ताटभर शुभ्र तांदूळ, आणि तांदळात अंगठीने कोरलेलं एक अनोळखी नाव. अवनी गेली, शर्वरी उरली. पेढे वाटले गेले. ऋजुताला वाटत होतं, कुणीतरी फुंकर मारावी आणि ते तांदूळ विस्कटून टाकावेत.

अठरा दिवसांपूर्वी बिऱ्हाडे वाळूत उतरला, तो उतरलाच. ऋजुताने घाबरून फोन केला होता.

"कात टाकतोय तो," ताई म्हणाली. "महिना-दीड महिना उकरायचं नाही हं, वेडाबाई. लोण्यासारखा मऊ असतो तेव्हा." मग थांबून, अगदी बारीक आवाजात, "एकटं राहू दे त्याला."

पण आज ताई येणार होती. संध्याकाळच्या गाडीने, लग्नानंतर पहिल्यांदा राहायला.

"अगं, मेला असेल तो," दारातून आई म्हणाली. "शर्वरी यायच्या आत टाक ते सगळं."

"अवनी," ऋजुता पुटपुटली.

"सवय होते गं नव्या नावाची. मला नाही का झाली?"

जिवंत आहे, एवढंच बघायचं होतं तिला. एवढंच. श्रीखंडाचा इवलासा चमचा, ओलसर वाळू, एक थर, आणखी एक थर. आणि तिथे, काळोख्या पोकळीत, टाकलेल्या कातीला बिलगून बिऱ्हाडे होता. जिवंत. दुधट, पारदर्शी, नवजात. ऊन त्याच्यावर पडलं. तो थरथरला. मागे सरू लागला, आणि एक कोवळा पाय चमच्याच्या कडेला चिकटून अलगद निघून आला.

दोन्ही हातांनी तिने वाळू परत लोटली. संध्याकाळी पुन्हा वाळू सारून पाहिलं, तेव्हा तो निश्चल होता.

ताई आली. नवी साडी, नवं मंगळसूत्र, हिरव्या चुड्याचा नवा किणकिणाट. आणि त्या साऱ्याच्या आत, खूप खोल, दोन मऊ डोळे. ती पेटीपाशी बसली. उकरलेली वाळू पाहिली. चमचा पाहिला.

ऋजुताच्या ओठांशी किती दिवसांचे प्रश्न दाटले होते. तिथे तुला अवनी कोण म्हणतं? फोनवर आवाज एवढा बारीक का येतो? रडतेस का गं? त्यातला एक तर दातांपर्यंत आला. आणि ताईची पापणी थरथरली. तश्शीच. दुपारी उन्हात ते दुधट अंग थरथरलं होतं, अगदी तश्शीच.

ऋजुताने प्रश्न गिळला. उठून खिडकीचा पडदा ओढला आणि ताईच्या शेजारी, तिला न शिवता, नुसती बसून राहिली.

काचेपलीकडे मोतिया शंख पडून होता; मोठा, उजळ, रिकामा. आणि त्याच्या तोंडाशी वाळूचे चार शुभ्र कण, तांदळासारखे, विस्कटलेले.