हौसाबाईची नजर

दर रविवारी रिठदहून रिसोडला येताना हौसाबाई मळ्यातलं सगळ्यात कोवळं निवडून आणायची. काकडी, गाजर, कधी वाटाण्याच्या शेंगा. आणि दर रविवारी विमलबाईच्या अंगणात पाय टाकला की तीन वर्षांच्या नातीच्या गालावर रुपयाएवढी काजळाची तीट बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एरवी राधिकाचा गाल कोरा असतो, हे विमलबाईच्या शेजारणीने तिला सांगितलं होतं. मग ही तीट कोणाच्या नजरेसाठी, हे न कळायला हौसाबाई काही कुक्कुलं बाळ नव्हती.

तिचा पवन आणि विमलबाईची शुभांगी पुण्याला एकत्र राहिले, लग्न न करताच. पोर झाली, दोघांचं बिनसलं, आणि शुभांगी तान्ह्या राधिकाला घेऊन आईकडे आली. कोर्टाने बापाला रविवारचे दोन तास दिले. आजीचं नाव कुणी काढलंच नाही. विमलबाई फाटक उघडते म्हणून पवनबरोबर हौसाबाईही आत येते, एवढाच तिचा हक्क. लग्नच लागलं नाही, तर विहीणबाई तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? दोघी आपल्या 'अहो'वर भागवत.

आणि विमलबाईचं नशीब बघा! आठवडाभर पोरीचं न्हाणं-जेवण तिच्याकडे, झोपताना पदर तिचा. हौसाबाईच्या मळ्यातली काकडी पोर खायची, तीही विमलबाईच्या मांडीवर बसून. हौसाबाई जळायची. पवनलाही ते कळायचं, पण तो बिचारा कोणाची समजूत घालणार?

एका रविवारी राधिकाने तिला 'काकडीवाली आजी' म्हणून हाक मारली आणि विमलबाई हसली. झालं. हौसाबाईने पोरीला ओढून घेतलं आणि पदराने ती तीट खसाखसा पुसून काढली.

"माह्या नातीले माहीच नजर लागते काय?"

पोरीने भोकाड पसरलं आणि ती विमलबाईला जाऊन बिलगली. पुढच्या खेपेला बाप एकटाच आला तरी चालेल, एवढंच विमलबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी पवन एकटा गेला आणि लगेच परतला. पोरीला ताप होता. डॉक्टरने औषध दिलंय, साधा ताप आहे, असं त्याने परोपरीने सांगितलं, पण हौसाबाईने वाढलेलं ताट बाजूला सारलं. त्या दिवशी विमलबाईला बिलगलेल्या पोरीकडे आपण कसल्या डोळ्यांनी बघितलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

त्यानंतरच्या रविवारी ती रिकाम्या हाताने आली आणि फाटकाबाहेरच थांबली. पवन आत गेला. ताप उतरलेली राधिका अंगणात खेळत होती. आजी येणार नाही असं धरून चालल्यामुळे असेल, आज तिचा गाल कोरा होता. विमलबाई फाटकाशी आली.

"तिले तीट लावा," हौसाबाई म्हणाली. "जराशी मोठी लावा, मंग मी आत येईन. पोरगी तुमच्या मांडीवर दिसली का माह्या पोटात आग पडते. माह्या डोळ्याचा मलेच भरवसा नाही."

विमलबाई आत गेली, काजळाची डबी घेऊन आली आणि तिने फाटक उघडलं.

"तीट तुमच्यासाठी नोहती, इहीनबाई," ती खाली बघत म्हणाली. "रविवार उजाडला का पोरगी फाटक सोडत नाही. काकडीवाली आजी कवा येते, काकडीवाली आजी कवा येते. ते पाहून माहीच नजर खराब होते."

हौसाबाईने डबी घेतली, राधिकाला जवळ ओढलं आणि तिच्या दोन्ही गालांवर एकेक तीट लावली.