टाकीवरचं नाव

दादा जाऊन अकरा दिवस झाले होते तेव्हा शोरूममधून फोन आला. "जयदीप सर आहेत का? गाडी आलीये तुमची." मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला आणि पुढ्यातला भात खाल्ला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जयदीप. वय छत्तीस. फर्स्ट शिफ्टला जायला बूट घालत ओट्यावर बसला, तो उठलाच नाही. आमच्या मोशी गावात सगळे म्हणत होते, रोहिदास खंबीर आहे. कसला खंबीर! मी नुसता ठोंब्यासारखा बसून होतो. रडू येत नव्हतं, भूक मात्र वेळेवर लागत होती, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

दादानं बुक केलेली ती मोटारसायकल रद्द करायचं आईनं ठरवलं होतं. साधनावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, गाडी माझ्या नावावर करा. मी चालवणार हाय."

वहिनी चाकणला सुटे भाग तपासायच्या कामावर. मोशीवरून जाणारी कंपनीची बस बंद झालेली, रिक्षा बदलत जायचं तर रोज उशीर. सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं, महिनाभरात स्वतःची सोय करा, नाहीतर दुसरी बाई घेतो. आईला तेच हवं होतं. सुनेनं आता घरी बसावं.

"मग स्कूटी घ्या," मी म्हणालो.

"रंग आमी दोघांनी निवडलाय. चालवायलाबी त्यांनीच शिकवलंय, रविवारी मैदानात. फकस्त माझे पाय टेकले पायजेत. दोन्ही. बाकी काय नको."

वहिनींची उंची बेताची. मी "हो" म्हणालो. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं की मी हो म्हणायचो. हो म्हटलं की माणूस निघून जातो आणि आपल्याला विचार करावा लागत नाही.

गाडी पिंपरीत भिवाच्या गॅरेजात नेली. गाड्या कापून-जोडून नव्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं टेप लावून पाहिलं. "सीटचा फोम कापतो, मागं बारका शॉकअप टाकतो. दोन इंच खाली यील. पाय टेकत्याल वहिनींचे."

काम एवढंच होतं. पण माझ्याबरोबर खंडू आला होता. दादाचा जिवलग मित्र, गावातला कुठलाही फ्लेक्स त्याच्याशिवाय लागत नाही. तो म्हणाला, "भावा, दादाची गाडी हाय ही. आख्ख्या गावानं बघितली पायजे. टाकीवर सोनेरी अक्षरात नाव टाकू. खाली दोन्ही तारखा." मी हो म्हणालो. "हँडल उंच घेऊ." हो. "मागं रुंद टायर." हो.

भिवानं मान हलवली. "रुंद टायर टाकलं की बारका शॉकअप चालत न्हाई. चाक घासंल. मोठाच ठेवावा लागंल, गाडी उचलली जाईल."

"मग मोठाच राहू दे की," खंडू म्हणाला.

भिवानं माझ्याकडं पाहिलं. मला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. मी म्हणालो, "राहू दे."

दादाच्या वाढदिवसाला गाडी चौकात आणली. दादाच्या फोटोच्या फ्लेक्सखाली उभी केली, टाकीवर झेंडूचा हार घातला. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढत होती. "नाद खुळा काम केलंस, रोहिदास," असं पाच-सहा जण तरी म्हणाले.

वहिनी कामावरून थेट तिथंच आल्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यांनी नाव वाचलं, तारखा वाचल्या. हार बाजूला सारला आणि गाडीवर बसल्या. पायांची नुसती बोटं जमिनीला लागत होती. हँडल धरायला हात खांद्याच्या वर न्यावे लागत होते. स्टँड काढताच गाडी कलली, तशी खंडूनं धावत येऊन धरली. "वहिनी, उतरा उतरा, पडंल."

वहिनी उतरल्या. आवाज चढवला नाही. "भावजी, फ्लेक्स तर लावलाच व्हता की वर. मला कामावर जायला गाडी पायजे व्हती. आन् त्यांची मेल्याची तारीख रोज मांडीपुढं घेऊन जाऊ का मी चाकणला?"

त्या चालत घरी गेल्या. सुपरवायझरनं दिलेल्या महिन्यातले चारच दिवस उरले होते. मला शरम वाटायला हवी होती. मला फक्त तहान लागली होती.

सकाळी शिफ्ट बुडवून गाडी भिवाकडं नेली. "सगळं काढ. पाय टेकतील एवढंच कर. नावपण पूस."

"बाकी करतो. नाव न्हाई पुसणार," भिवा म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नाव मी पुसत नसतो. त्याच्या घरच्यानं पुसावं." त्यानं पॉलिशपेपर आणि पाण्याचा डबा माझ्यापुढं ठेवला.

मी स्टुलावर बसून घासत राहिलो. आधी तारखा गेल्या. मग नाव. बोटं सोलवटली, नखांत सोनेरी रंग गेला. मनात काहीच येत नव्हतं. डाग राहू नये एवढंच बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. टाकीवर नुसता करडा प्रायमर होता. बसल्या, आणि दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकले. त्यांनी खाली पाहून खात्री केली. हेल्मेट घातलं, गाडी चालू केली. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा आला, तेव्हा थांबल्या, पाय टेकले, तो गेल्यावर वळल्या आणि हायवेकडं निघून गेल्या. सेकंड शिफ्ट होती त्यांची.

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. कुणाला तरी सांगावं म्हणून मी मोबाइल काढला आणि दादाचा नंबर लावला. वहिनी निघाल्या रे, पाय टेकले, एवढंच सांगायचं होतं. फोन कानाला लावून मी वाट बघत उभा होतो. नंबर बंद आहे असं बाई दोनदा म्हणाली, तरी मी फोन ठेवला नाही. मग तिथंच, भिवाच्या दारात, खाली बसलो आणि पोटातून ओरडून रडलो. भिवानं ग्राइंडर बंद केला.