वाघीण आणि कोळी

तिने हातमोज्यांवर आणखी एक जोडी चढवली, पँटचे पाय बुटांत खोचले आणि कुलूप उघडणाऱ्या मामांच्या पाठीमागे उभी राहिली.

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे वाघीण म्हणत. वाघांवर खेकसणारी बाई ती! पण घरात भिंतीवर कोळी दिसला की पलंगावर चढून नवऱ्याला हाका मारायची. हे गुपित त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती. काल विभागप्रमुख मामा म्हणाले, "उद्यापासून तुझ्याकडे कोळी..." पुढचं तिला ऐकूच आलं नाही. तरी तिने मान डोलावली. नाही कसं म्हणणार? वाघिणीची शेळी झाली म्हणून जो तो हसला असता.

"नोकरी सोडतेस का?" सकाळी नवऱ्याने विचारलं होतं.

"आधी बघते, मग सोडते."

दार उघडलं. तिने डोळे घट्ट मिटले.

"अगं, बघ तरी!"

समोर दोराला शेपटीने लटकलेली एक काळी माकडीण तिला उलटी न्याहाळत होती.

"हे कोळी?"

"कोळी माकड! हातपाय बघ कसे लांबसडक. लोंबकळली की कोळ्यासारखीच दिसते. फक्त तो सुतावर लटकतो, ही शेपटीवर. त्याला पाय आठ. हिला हातपाय चार, आणि शेपूट म्हणजे पाचवा हातच."

देवा रे! ती मटकन खाली बसली. इतकं हायसं वाटलं की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"दोन-दोन हातमोजे कशाला गं?" मामांनी विचारलं.

"गारठा आहे."

"हो ना," मामा घाम पुसत म्हणाले.

थोड्या वेळाने तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग आठ पायांचे कुणाकडे?"

"माझ्याकडे. वरून तुझंच नाव आलं होतं. पण मागे जेवणाच्या खोलीत कोळी उतरला, तेव्हा तू डबा टाकून पळालीस. म्हटलं, नको."

"मी फोन घ्यायला गेले होते!"

"हो. फोन डब्याशेजारीच पडला होता तुझा."

तिचे कान तापले. "आणखी कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच."

"आणि तरी वाघीण म्हणता मला?"

"मग काय म्हणायचं?" मामांनी फळांची टोपली तिच्यापुढे सरकवली. "चल, चिरायला घे. भुकेली आहे ती."

तिने चारही हातमोजे काढले आणि सुरी हातात घेतली.