लोणी-साखर पाव, ब्याण्णवच्या आत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतः एकशे चार किलोचं असू नये, असा कुठे नियम नाही. पण लिफ्टना कळतं. तो आत पाऊल टाकायचा आणि जुन्या इमारतींमधल्या लिफ्ट बारीकसा सुस्कारा सोडून अर्धा इंच खाली बसायच्या. सोबत चार रहिवासी असले की जास्त भाराची घंटी वाजायची. मग ते चौघं त्याच्या हत्यारांच्या पिशवीकडे रागाने बघायचे. सभ्य माणसं होती ती.

त्याला स्वतःला याचं काहीच वाटत नव्हतं. बायकोने विषय काढला की तो पंखा दुरुस्त करायला घ्यायचा. त्यामुळे त्यांच्या घरातले पंखे फार चांगले चालत. पण मग ताईची मूत्रपिंडं थकली आणि विषय पंख्याच्या हाताबाहेर गेला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला जायची आणि दिवेलागणीला हा रडायला बसायचा. रोज, अगदी वेळेवर. मग ताई ओट्याजवळ स्टूल ओढायची, त्यावर उभी राहायची आणि तव्यावर लोणी टाकून त्यात पावाचे जाडजूड काप परतायची. वरून साखर. साखर विरघळून कडेने तपकिरी झाली, की एक काप त्याच्या हातात. तो पाव खाल्ला म्हणून आई घरी येत नसे. पण आई नसल्याचं दुःख जरा लांब जाऊन बसायचं.

लग्न झालं, टक्कल पडलं, तरी ती सवय सुटली नाही. लिफ्टमध्ये माणसं अडकली, साहेब ओरडला, सासरे गेले, की हा संध्याकाळी ताईच्या दारात उभा. ताई काही विचारायची नाही. तवा ठेवायची.

तेव्हा मूत्रपिंड कुणी द्यायचं, यावर घरात चर्चा झालीच नाही. ताई नको म्हणाली, पण ती तर वाढदिवसाच्या भेटीलाही आधी नको म्हणायची. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. सर्जनांनी सगळे कागद बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त तुम्ही जास्त आहात."

"किती जास्त?"

"ब्याण्णवच्या आत या," सर्जन म्हणाले. जणू बाहेर पाऊस आहे आणि ब्याण्णवच्या आत गादीबिदी घातलेली आहे.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई नुकत्याच कॉलेजातून आल्यासारख्या दिसत. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काका, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

हा सापळा आहे हे त्याने ओळखलं. आवडीचं नाव घेतलं की ते बंद होणार. तो म्हणाला, "काकडी."

"काका."

मग त्याने सगळं सांगितलं. पाव, लोणी, साखर, स्टूल. स्टूल सांगायची गरज नव्हती, पण ते आपोआप आलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली हिशेब मांडला.

"ताई करतात तसे दोन काप म्हणजे एक अख्खं जेवण झालं. पण बंद नाही करायचं. बंद केलंत तर आठवडाभर टिकाल आणि मग एकदम अर्धा डझन खाल. आपण ते बसवू."

"बसवू म्हणजे?"

"तुम्ही लिफ्टचं काम करता ना? मग दिवस म्हणजे लिफ्ट समजा. ठरलेला भार. पावाला आत घ्यायचं तर दुसऱ्या कुणाला तरी खाली उतरवायचं. एक काप, पातळ. लोणी एक चमचा. चहाचा चमचा, काका, असं बघू नका. साखर अर्धा चमचा. आणि त्या दिवशी बिस्किटं जिन्याने जातील."

हे त्याला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जेवणाबद्दल त्याच्या भाषेत बोललं होतं. तो घरी गेला, स्वयंपाकघरात तराजू मांडला आणि भातापासून तेलाच्या थेंबापर्यंत सगळ्यांना रांगेत उभं केलं. दुपारी कोबी, उकडलेली अंडी आणि मापाचा भात. सकाळी चहा बिनसाखरेचा. तो पिताना त्याचा चेहरा एखाद्याला निरोप दिल्यासारखा व्हायचा. कामावर लिफ्ट बंद असली तर जिना, आणि चालू असली तरी जिना. रहिवाशांना वाटलं लिफ्टमध्ये नक्की काहीतरी धोका आहे. तेही जिन्याने जायला लागले. संध्याकाळी मात्र एक पातळ काप, एक चमचा लोणी, अर्धा चमचा साखर. तो काप तो इतका हळू खायचा, की बायको म्हणायची, "अहो, वाचताय का खाताय?"

काटा हलायला लागला. एकशे चारचे शंभर झाले, शंभराचे सत्त्याण्णव.

अडचण एकच होती, ती म्हणजे ताईचा डबा.

आठवड्यातून तीनदा तो ताईला डायलिसिसला सोडायचा आणि तीनदा ती गाडीतून उतरताना त्याच्या मांडीवर डबा ठेवायची. आत लोणी-साखर पाव. पातळ नव्हे. चमचाभर तर अजिबात नव्हे.

"ताई, अगं मला चालत नाही एवढं."

"मी कुठे खा म्हणतेय? ठेव नुसता."

लोण्याचा वास सुटलेला डबा नुसता ठेवायचा असतो, असं या जगात फक्त तिलाच वाटत असावं. तो निश्चयाने त्यातला एक काप काढायचा, सुरीने पातळ करायचा, लोणी खरवडायचा आणि दिवसात बसवायचा. उरलेलं टाकवत नसे. ते बायको खायची. दोन महिन्यांत बायकोचे तीन ब्लाउज उसवावे लागले.

"तुम्ही दान करणार, पुण्य तुमचं," बायको म्हणाली, "आणि फुगायचं मी. अहो, एक सांगू का? रागावू नका. तुमचं वजन उतरलं, की तुमच्या ताईचा डबा जड होतो."

"काहीतरीच."

"परवा तुम्ही त्यांना सत्त्याण्णव झालं म्हणून सांगितलंत. आज डब्यात चार काप आहेत. आधी दोन असायचे."

"प्रेम आहे ते."

"प्रेमच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण ते जरा जास्तच नेम धरून येतंय."

त्याने पंखा दुरुस्त करायला घेतला.

पुढच्या भेटीला आहारतज्ज्ञ बाईंनी काटा बघितला आणि खूश झाल्या. "पंच्याण्णव! काका, तुमच्या ताईंनाही केवढी काळजी हो तुमची. त्यांच्याही पथ्याचं मीच बघते ना. मागच्या आठवड्यात विचारत होत्या, माणसाचं एक किलो वजन वाढायला लोणी साधारण किती लागतं."

"हो?" तो हसून म्हणाला. "काय सांगितलंत मग?"

"मी म्हटलं, रोजच्या जेवणावर, साधारण किलोभर. तर म्हणाल्या, एवढं कसं मावेल!"

दोघं भरपूर हसले. त्याचं हसू मात्र व्हरांड्यात पाण्याच्या कूलरपाशी आल्यावर थांबलं. एवढं कसं मावेल. कशात मावेल? डब्यात. तो तिथेच कागदी पेला हातात धरून उभा राहिला आणि पेला भरून वाहायला लागला तरी त्याला कळलं नाही.

मग तो सरळ डायलिसिसच्या वॉर्डात गेला. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, हाताला दोन नळ्या, पायांवर शाल. मशीन लावलेलं असताना माणसाला उठून जाता येत नाही, ही या भांडणातली त्याची एकमेव सोय होती.

"तू मला मुद्दाम खायला घालतेस."

"आजवर काय चुकून घालत होते?"

"ताई, मी ब्याण्णवच्या आत जाऊ नये म्हणून तू डबा देतेस. हो की नाही?"

शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त मास्तरांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं आणि पान उलटायचं विसरले.

ताईने शाल नीट केली. ती नीटच होती.

"नको म्हणून सांगितलं होतं की नाही तुला? तोंडाने सांगून ऐकलंस कधी? लहानपणी विहिरीत डोकावू नको म्हटलं, की तुझं मुंडकं आधी आत. मग काय करणार? म्हटलं, याला ऐकू येतं ते पोटानेच."

"अगं, मरशील अशाने!"

"मरेन तेव्हा मरेन. हे मशीन आहे ना. पण तुला त्या टेबलावर आडवा करणार, चिरणार, आणि मी पलीकडच्या खोलीत पडून ते घेणार? काही झालं तुला तर?" तिचा आवाज एकदम पातळ झाला. "घासघास भरवून वाढवलाय तुला, ढब्ब्या. आई कामावर असायची, काही झालं तर आईला काय सांगू, म्हणून रात्रभर तुझ्या नाकापाशी हात धरून बसायचे. श्वास चालू आहे ना बघायला. आणि आता मीच तुझ्यातलं काढून घेऊ?"

त्याने स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसला. या वेळी स्टूलवर तो होता.

"ताई," तो म्हणाला, "हे मूत्रपिंड काय मी दुकानातून आणलंय? तुझ्या पावावरच वाढलंय ते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे भरलेली माणसं बघतात तसं. मग नाक ओढून म्हणाली, "दोन्ही?"

"दोन्ही."

"मग त्यातलं चांगलं वाढलेलं कोणतं?"

"ते डॉक्टर बघतील. तुला उरलंसुरलं देणार नाहीत."

वर्तमानपत्रामागून मास्तरांचा आवाज आला, "बाई, घेऊन टाका. माझा भाऊ मला छत्रीसुद्धा देत नाही."

ताईने हो म्हटलं नाही. पण पुढच्या खेपेला डबा हलका होता. आत एकच काप, कागदासारखा, आणि त्यावर लोणी होतं असं मानायला वाव होता.

"चमचा कसला, थेंब आहे तो," ताई गुरगुरली. "त्या पोरीने समोर बसवून मोजून दाखवलं. पावाला लोणी लावलंय का लोण्याची आठवण काढलीय, तेच कळत नाही. पण साखर मी आधी तव्यावर जाळून घेतलीय. अर्ध्या चमच्यात वास तरी पुरा येतो."

खरंच येत होता. तो संध्याकाळी तिच्या ओट्यापाशी उभा राहून काप खायचा आणि ती बाजूला उभी राहून तो संपेपर्यंत बघायची. तिच्या पथ्यात त्यातला अर्धा काप बसतो, हे तिने विचारून घेतलं होतं, पण कधी खाल्ला नाही. "आधी तुझं होऊ दे," म्हणायची. तो तेव्हा ते फक्त पावाबद्दल आहे असं समजायचा.

वजनाच्या दिवशी सगळं उलटं झालं. पहाटेच एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई आणि तिची मांजर. दोघींना बाहेर काढून तो कामाच्या कपड्यांतच धावत हॉस्पिटलला पोचला. ताई आधीच येऊन बाकावर बसली होती. घरच्या काट्यावर तो काल ब्याण्णवच्या थोडा आतच होता. आज जमलं तर शस्त्रक्रियेची तारीख मिळणार होती. नाहीतर सर्जनांची पुढची बैठक महिन्याने, आणि ताईच्या तब्येतीला महिने फारसे मानवत नव्हते.

नर्सने बूट काढायला लावले. तो काट्यावर चढला.

ब्याण्णव पूर्णांक सहा.

"अरेरे," नर्स म्हणाली. "थोडक्यात गेलं हो." आणि तिने पेनचं टोपण काढलं.

त्याने ताईकडे बघितलं. हे सगळं थांबवायला तिने आता नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. तव्याची, लोण्याची, डब्याची, कशाचीही गरज नव्हती. ती त्याच्या विजारीकडे बघत होती. त्या विजारीचे खिसे गेली चाळीस वर्षं तीच शिवत आली होती, कारण ते दर महिन्याला फाटायचे, आणि ते का फाटतात हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिने डोळे मिटले. मग उघडले.

"थांबा हो सिस्टर," ती म्हणाली. "ढब्ब्या, खिसे रिकामे कर."

तो बघतच राहिला.

"बघतोस काय माझ्याकडे? पाना काढ. किल्ल्यांचा जुडगा काढ. मूठभर नटबोल्ट असतील डाव्या खिशात, ते काढ. सगळं टेबलावर."

पाना निघाला. किल्ल्या निघाल्या. नट टेबलावर घरंगळले, एक नर्सच्या पायाशी गेला. मागच्या खिशातून एक कागदाची पुडी निघाली.

"आणि हे काय?"

"तुझाच पाव. काल बांधून दिलास तो. वजन झाल्यावर खाणार होतो."

"तोही काढ."

त्याने पुडी पान्याशेजारी ठेवली आणि पुन्हा काट्यावर उभा राहिला, श्वास रोखून. जणू श्वासाचंही वजन असतं. काटा थोडा डळमळला, विचारात पडला आणि ब्याण्णवच्या आत येऊन बसला.

नर्सने आकडा लिहिला. ताईने तो तिच्या खांद्यावरून वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि बाकावर बसून पुडी उघडली. कागदावर लोण्याचा डाग पडला होता. चमचाभराचा असतो तेवढाच. तिने पावाचे दोन तुकडे केले. दोन्हीकडे नीट निरखून बघितलं आणि मोठा त्याच्यापुढे धरला.

"अर्धाच बसतो ना तुला?" तो म्हणाला.

"अर्धाच," ती म्हणाली. "घेतेय. सरक तिकडे."