विद्मांतासचा होकार

पक्षाघाताचा झटका आल्यानंतर विद्मांतासकडे एकच शब्द उरला होता, 'नाही'. चहा हवा का विचारलं की 'नाही' म्हणायचा आणि डावा हात कपाकडे न्यायचा. खिडकी लावू का? नाही. आणि लावली नाही तर भुवया चढवून बसायचा. लामाराला हे आठवड्याभरात उमगलं. शब्द सोडून द्यायचा, डोळे बघायचे.

"माझा नवरा जन्मभर हो हो म्हणत राहिला आणि एका कामाला हात लावला नाही," शेजारच्या टियर्नीबाई म्हणाल्या. "तुझा परवडला गं."

लामारा हसली. त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

ती जॉर्जियाची, तो लिथुआनियाचा. आयर्लंडमधल्या मोनाहनजवळच्या अळंबीच्या शेडमध्ये ती अळंबी खुडायची, तो फोर्कलिफ्ट चालवायचा. पाच वर्षं दोघं या बैठ्या घरात एकत्र राहत होती. लग्न झालं नव्हतं, कारण तिकडे लिथुआनियात, पानेवेझिसला, त्याची बायको होती. कधीचीच वेगळी राहायची, पण घटस्फोटाचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायची. कोर्टात जायचं तो दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचा. आयर्लंडमध्ये राहायची लामाराची परवानगी त्यामुळे एकाच खुंटीला टांगलेली होती: हा युरोपचा नागरिक इथे आहे, आणि ही लग्नाशिवाय का होईना, त्याची कायमची जोडीदार आहे. परवानगीची मुदत संपत आली म्हणून दोघांनी नूतनीकरणाचा अर्ज केला, आणि पुढच्याच महिन्यात त्याची उजवी बाजू गेली. आता परवानगी देणाऱ्या कचेरीतून निरोप आला होता, की माणसं घरी येऊन बघून जातील.

त्याच सुमाराला त्याची मुलगी औक्शे लिथुआनियाहून आली. तिशीतली, नीटनेटकी, आवाज कधीही न चढवणारी. आल्या दिवशी तिने बापाचे केस कापले, नखं काढली, पलंगावरची चादर बदलली. लामाराला बरं वाटलं. शेडमधून आल्यावर घरात आणखी दोन हात असणं म्हणजे काय, ते ती विसरूनच गेली होती.

दुसऱ्या आठवड्यात औक्शे म्हणाली, "तुम्ही पहाटे उठता, बाबांची झोपमोड होते. मी झोपते त्यांच्याजवळ. तुम्ही पलीकडच्या खोलीत आरामात झोपा."

"मला सवय आहे गं."

"मला माहीत आहे. पण आता मी आहे ना."

संध्याकाळी लामारा घरी आली, तर तिचे कपडे, सपाता, केसांचा ब्रश, सगळं पलीकडच्या छोट्या खोलीत व्यवस्थित लावून ठेवलेलं. कपाट पुसूनसुद्धा घेतलं होतं. भिंतीवरचा दोघांचा फोटो कुठे गेला, असं विचारल्यावर औक्शे म्हणाली, "तो बघून बाबा रडतात. काढून ठेवलाय." विद्मांतास रडत होता हे खरंच होतं. लामारा स्वयंपाकाला लागली. पण त्या रात्री तिला झोप लागेना, आणि कशाची भीती वाटतेय ते नेमकं सापडेना.

रविवारी दोघी बटाटे सोलत बसल्या होत्या. लामाराने धीर केला.

"ती माणसं येतील तेव्हा एवढंच सांगशील? की मी त्याची आहे म्हणून."

औक्शेने सुरी खाली ठेवली. "माझी आई अजून त्यांची बायको आहे. मी माझ्या तोंडाने कसं सांगू?"

"खोटं सांग म्हणत नाही मी."

"म्हणूनच तर अवघड आहे," औक्शे म्हणाली. ती उठून नळाखाली बटाटे धुऊ लागली. शेवटी पाठमोरीच बोलली, "बाबांना मी घरी नेणार आहे. आज ना उद्या."

"मग मी?"

औक्शेने नळ बंद केला आणि बटाटे उकडायला ठेवले.

माणसं मंगळवारी सकाळी आली. एक पोक्त अधिकारी आणि एक तरुण बाई. दोघं अदबीने वागली, दाराशी बूट पुसले. घर फिरून बघताना बाई मोठ्या खोलीच्या दारात थांबली. विद्मांतासचा पलंग, शेजारी औक्शेची घडीची खाट. मग छोटी खोली. तिथल्या सपाता, ब्रश, एका माणसाचं अंथरूण. बाईने काहीतरी लिहून घेतलं. हे असं दिसणार, हे लामाराच्या डोक्यात आलंच नव्हतं. औक्शेच्या डोक्यात आलं होतं का? लामाराने तिच्याकडे बघितलं. औक्शे खिडकीबाहेर बघत होती.

"या तुमच्या वडिलांच्या कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"या त्यांची सगळी काळजी घेतात," औक्शे म्हणाली. "फार मनापासून."

अधिकारी विद्मांतासकडे वळला. प्रश्न इंग्रजीत, औक्शे लिथुआनियनमध्ये सांगत होती. तेवढं लामाराला कळायचं. औक्शे शब्दाला शब्द बरोबर सांगत होती, बोट ठेवायला जागा नव्हती.

"ही तुमची जोडीदार आहे का?"

"नाही," विद्मांतास म्हणाला, आणि डावा हात लामाराकडे पसरला.

"तुम्ही दोघं एकत्र राहता?"

"नाही. नाही."

"तो सगळ्यालाच नाही म्हणतो," लामारा घाईने म्हणाली. "झटक्यापासून दुसरा शब्दच येत नाही. हिला विचारा."

अधिकाऱ्याने औक्शेकडे पाहिलं.

"कधी कधी," औक्शे म्हणाली.

"त्याचं नाव विचारा त्याला. त्यालाही नाहीच म्हणेल."

अधिकाऱ्याने सावकाश, आवाज चढवून विचारलं, "तुमचं नाव विद्मांतास का?"

विद्मांतासचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा ताणल्या. काहीतरी बिघडतंय हे त्याला कळत होतं, आणि ते सावरायला तो सगळा जीव एकवटत होता. ओठ वाकडे झाले, लाळ ओघळली.

"हो," तो म्हणाला.

दवाखान्यातली बोलायला शिकवणारी बाई महिनाभर ज्या शब्दामागे लागली होती, तो शब्द होता हा. लामाराला आधी आनंदच झाला. तिने टाळीसाठी हात उचलले. मग तिला समोरच्या बाईचं पेन चालताना दिसलं.

नकार यायला फार दिवस लागले नाहीत. टियर्नीबाई तिला गाडीत घालून वकिलाकडे घेऊन गेल्या. वकील भला माणूस होता, पण हातचं राखून बोलत होता.

"डॉक्टरचा दाखला जोडून फेरतपासणी मागू. शेजारी साक्ष देतील. पण तो इथे असायला हवा. लग्नाची बायको असतीस, तर तो देशाबाहेर गेला, घटस्फोट झाला, तो वारला, तरी हातात काहीतरी राहिलं असतं. तुझं तसं नाही. त्याने देश सोडला की सगळं संपलं."

घरी येऊन लामारा औक्शेसमोर बसली. "एवढा निकाल लागेपर्यंत थांब. मग मी अडवणार नाही."

"बघू," औक्शे म्हणाली. तिने लामाराच्या हातावर हात ठेवला. तो थंड होता.

पुढच्या आठवड्यात औक्शे विशेष गोड वागत होती. डंपलिंग केली, लामाराला शेडमध्ये न्यायला डबा भरून दिला. विद्मांतास मात्र लामारा कामाला निघाली की तिची बाही सोडेना. शुक्रवारी तर बोटं एकेक करून सोडवावी लागली. "संध्याकाळी येतेच आहे रे," ती म्हणाली.

संध्याकाळी दार उघडंच होतं. पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली, औषधांची फळी रिकामी, चाकांची खुर्ची गेलेली. फोन लावला तर औक्शेने उचलला. मागे विमानतळाचा गोंगाट होता.

"तुम्ही घरी असता तर बाबा हलले नसते," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "मी तुमचं वाईट चिंतत नाही."

"त्याला फोन दे."

फोन कट झाला.

टियर्नीबाई अंधार पडायच्या आत आल्या. "आज माझ्याकडे झोप. एकटी राहू नकोस."

"नको. कुणी बघायला आलं, तर घरात माणूस दिसायला हवं."

"आता कोण येणार आहे, पोरी?"

लामाराने छोट्या खोलीतले कपडे उचलून मोठ्या खोलीतल्या कपाटात लावले, सगळ्या दिव्यांची बटणं दाबली आणि ओट्याशी उभी राहिली. रस्त्यावर एक गाडी वळली, फाटकाशी हळू झाली, आणि तशीच हळूहळू पुढे गेली.